उद्यानाचा नकाशा आणि मालकाची दृष्टी

थीम पार्कचा नकाशा वास्तुविशारदाच्या टेबलावर तयार होत असला, तरी त्यातील निर्णायक रेषा त्याआधीच, म्हणजे उद्योगाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीने भांडवल किती, कोठून आणि किती मुदतीसाठी घ्यायचे हे ठरविले त्या क्षणी, आखल्या गेलेल्या असतात. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरचा एक उद्योगसमूह आज महाराष्ट्रातील या व्यवसायाच्या केंद्रस्थानी असल्यामुळे हा विषय या जिल्ह्याच्या वाचकांना परका राहिलेला नाही. साधे मनोरंजन उद्यान आणि थीम पार्क यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्यात पाळणे, घसरगुंड्या आणि झोके शेजारी शेजारी उभे असतात, तर दुसऱ्यात प्रत्येक राइड, उपाहारगृह, कर्मचाऱ्याचा गणवेश, इतकेच काय पण रांगेत उभे राहण्याची जागासुद्धा एका कथासूत्रात बांधलेली असते. हे सूत्र सांभाळणे खर्चाचे काम असते आणि त्या खर्चाचा परतावा तिकिटाच्या हिशेबात थेट दिसत नाही, म्हणून ते टिकवायचे की सोडून द्यायचे हा प्रश्न अखेर रचनाकाराकडून निघून नेतृत्वाकडेच येतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण क्षमतेच्या गणितात सापडते. उद्यान किती गर्दीसाठी बांधायचे हे ठरविताना वर्षातील सर्वाधिक गर्दीचा दिवस किंवा सरासरी दिवस धरला जात नाही. या दोहोंच्या मधला, बऱ्यापैकी गर्दीचा एक दिवस प्रमाण मानला जातो, आणि त्याला या क्षेत्रात ‘डिझाइन डे’, म्हणजे प्रमाणदिन, म्हणतात. हा दिवस फार मोठा धरला तर वर्षातील बहुतेक काळ उद्यान ओस वाटते व भांडवल अडकून पडते. फार लहान धरला तर सुट्टीत आलेले कुटुंब दिवसभर रांगेत उभे राहते आणि पुन्हा येत नाही. २४ आसनांची रोलर कोस्टरची गाडी दर २ मिनिटांनी सुटली, तर तासाला ७२० जण बसू शकतात. दुसरी गाडी घेऊन हे अंतर १ मिनिटावर आणले, तर तोच आकडा १४४० होतो. दुसरी गाडी घ्यावी की त्या पैशात प्रवेशद्वारावर मोठा देखावा उभारावा, हा प्रश्न अभियंत्याने मांडायचा असतो, पण त्याचे उत्तर देणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याचे उत्तर पाहुण्याला कोणीही न सांगता रांगेत उभे असताना कळते.

जगाच्या इतिहासात या संबंधाचा पहिला मोठा दाखला वॉल्ट डिस्ने यांचा आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा त्यामागे केवळ चित्रपट-कंपनीचा पैसा नव्हता, तर दूरचित्रवाणी वाहिनीशी केलेला करार होता. आणि उद्यानाची आखणी करण्यासाठी डिस्ने यांनी १९५२ मध्येच स्वतंत्र संस्था उभी केली होती, हे अधिक महत्त्वाचे. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर फ्लॉरिडातील ज्या ‘एपकॉट’मध्ये त्यांना माणसे राहतील असे भविष्यकालीन शहर उभे करायचे होते, ते १९८२ मध्ये प्रत्यक्षात आले ते शहर म्हणून नव्हे, तर कायमस्वरूपी जागतिक प्रदर्शनासारखे उद्यान म्हणून, कारण शहराची जबाबदारी पेलण्याची इच्छा असलेला माणूस उरला नव्हता. पुढे डिस्ने कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या काळात १९९२ मध्ये पॅरिसजवळ सुरू झालेले उद्यान नामवंत वास्तुविशारदांच्या हॉटेलांनी सजले आणि कर्जाच्या ओझ्याखाली लगेच अडचणीत आले; त्या धक्क्यानंतर त्याच नेतृत्वाने २००१ मध्ये कॅलिफोर्नियात जे दुसरे उद्यान उघडले ते इतके हात राखून बांधलेले होते की प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली, आणि आयस्नर यांच्यानंतर आलेल्या बॉब आयगर यांच्या कारकिर्दीत मोठा खर्च करून २०१२ पर्यंत ते जवळजवळ नव्याने घडवावे लागले. एकाच नेतृत्वाचा अतिउत्साह एका उद्यानात आणि त्याचीच भीती दुसऱ्या उद्यानात दगडविटांत गोठलेली दिसावी, असे इतर व्यवसायांत क्वचितच घडते.

महाराष्ट्रात या व्यवसायाची सुरुवात १९८९ मध्ये मुंबईतील गोराई येथे सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने उभारलेल्या एस्सेलवर्ल्डने झाली आणि १९९८ मध्ये त्याला वॉटर किंग्डम या जलोद्यानाची जोड मिळाली. खाडी ओलांडून होडीने जायचे ठिकाण निवडल्यामुळे तेथवर पोहोचणे हाच सहलीचा एक भाग झाला खरा. मात्र कथासूत्राने बांधलेले उद्यान म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला खऱ्या अर्थाने दिसले ते एप्रिल २०१३ मध्ये, रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत इमॅजिका सुरू झाले तेव्हा.

इमॅजिकाचे संस्थापक मनमोहन शेट्टी हे चित्रपटसृष्टीतले. अ‍ॅडलॅब्स या चित्रपट-प्रक्रिया प्रयोगशाळेपासून सुरुवात करून निर्मिती आणि चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलेल्या या माणसाने उद्यानही चित्रपटनिर्मात्याच्या नजरेने पाहिले, आणि त्या नजरेचे वैभव तेथे पावलोपावली दिसते. ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर बेतलेली राइड, अलीबाबाच्या गोष्टीतून फिरविणारी गाडी, पछाडलेले सलीमगढ, आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरस या डायनोसॉरच्या नावाने वाहणारी नदी, ही सारी ‘डार्क राइड’ किंवा तिच्या जवळच्या प्रकारांची उदाहरणे आहेत. डार्क राइड म्हणजे बंद, अंधाऱ्या इमारतीतून रुळावरच्या गाडीने नेत प्रकाश, ध्वनी व हलत्या आकृत्यांच्या साहाय्याने गोष्ट सांगणारी राइड. शेजारी ‘नायट्रो’ ही पायांखाली फळी नसलेली भव्य रोलर कोस्टर उभी राहिली, जी स्वित्झर्लंडमधील नामांकित उत्पादकाकडून आली होती. भारतीय मुलाला परदेशी पात्रांची उसनवारी न करता आपल्या कथांमधून हिंडता यावे, ही आकांक्षा थोर होती आणि तिच्याबद्दल शेट्टी यांचे ऋण या क्षेत्राने मान्य केलेच पाहिजे.

तथापि चित्रपट आणि उद्यान यांचे अर्थकारण परस्परविरुद्ध दिशांनी चालते. चित्रपट प्रदर्शनाच्या दिवशी पूर्ण झालेला असतो, त्यावरचा सारा खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि त्याची मिळकत पहिल्या काही आठवड्यांत गोळा होते; उद्यान मात्र उद्घाटनाच्या दिवशी केवळ सुरू होते, दरवर्षी त्यात नवे काही घालावे लागते, जुने दुरुस्त करावे लागते, आणि त्याची मिळकत अनेक वर्षांत हळूहळू वाढायची असते. इमॅजिकाच्या बाबतीत थीम पार्कपाठोपाठ २०१४ मध्ये जलोद्यान, २०१५ मध्ये हॉटेल आणि २०१६ मध्ये हिमोद्यान अशी चार मोठी अंगे अवघ्या तीन वर्षांत उभी राहिली. २०१५ मध्ये कंपनीने शेअर बाजारातूनही पैसा उभारला, पण कर्जाचा भार उत्पन्नाच्या पुढे धावत राहिला. त्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी कोसळणारा पाऊस वर्षातील कित्येक आठवडे उघड्यावरच्या राइड बंद ठेवतो आणि शहरी कुटुंबाची सहल उन्हाळी सुट्टी व डिसेंबर यांतच एकवटते, म्हणजे ज्या प्रमाणदिनावर सारी रचना उभी असते तो प्रमाणदिनच तेथे अस्थिर होता.

याच्या अगदी विरुद्ध वृत्ती केरळात दिसते. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनविणारी व्ही-गार्ड ही कंपनी घडविणारे कोचोसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० मध्ये कोचीत, २००५ मध्ये बंगळुरूजवळ आणि त्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये हैदराबादेत उद्याने उभारली. दोन उद्यानांमध्ये काही वर्षांचे अंतर ठेवायचे आणि शक्य तेवढ्या राइड स्वतःच्या कार्यशाळेत बनवायच्या, हा या ‘वंडरला’चा शिरस्ता. तेथे इमॅजिकाइतके कथेचे वैभव आढळत नाही. मात्र यंत्र बिघडले तर परदेशातून सुटा भाग येईपर्यंत राइड बंद ठेवण्याची पाळी कमी येते, आणि हे उद्यान कारखानदाराने बांधले आहे हे लगेच जाणवते.

संगमनेरच्या मालपाणी समूहाची जातकुळी या दोहोंहून निराळी आहे. प्रवरेकाठचे संगमनेर हे विडी आणि तंबाखूच्या व्यापाराचे जुने ठिकाण. गाय छाप जर्द्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या घराण्याने पुढे पवनऊर्जा, हॉटेल, शिक्षणसंस्था अशा दिशांना हातपाय पसरले आणि शिर्डी व लोणावळा येथे ‘वेट एन जॉय’ या नावाने जलोद्याने काढली. गर्दी निर्माण करण्यापेक्षा जेथे गर्दी आधीच आहे तेथे दुकान मांडावे, हे व्यापाऱ्याचे पिढीजात शहाणपण शिर्डीच्या निवडीत स्पष्ट दिसते. साईनगर शिर्डीपर्यंतची रेल्वे, १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला काकडीचा विमानतळ आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झालेला ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांमुळे भाविकांचा ओघ वाढत गेला, आणि त्यासाठी उद्यानाच्या मालकाला एक रुपयाही खर्चावा लागला नाही.

याच समूहाचे शिर्डीतील ‘साई तीर्थ’ हे भक्तिविषयक थीम पार्क रचनेच्या दृष्टीने म्हणूनच फार बोलके आहे. देशातील मंदिरांच्या प्रतिकृतींमधून नेणारी यात्रा, हनुमंताच्या लंकादहनाचा पंचमितीय खेळ (त्यात त्रिमित चित्रासोबत वारा, पाणी व आसनांची हालचालही असते), साईबाबांच्या जीवनावरचा चित्रपट आणि द्वारकामाईचा ‘अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स’चा, म्हणजे यंत्राने बोलणाऱ्या-हलणाऱ्या पुतळ्यांचा प्रयोग, ही त्याची मुख्य अंगे. यातील बहुतेक गोष्टी छताखाली, बसून पाहण्याच्या आहेत, आणि हा योगायोग नव्हे. शिर्डीला येणाऱ्या कुटुंबात आजी असते, नातू असतो. दर्शनरांगेत काही तास गेलेले असतात, परतीची गाडी ठरलेली असते. अशा पाहुण्याला उंचीची अट असलेली आणि पोटात गोळा आणणारी राइड देऊन उपयोग नसतो. शिवाय गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी, नाताळची सुट्टी असा येथील गर्दीचा पंचांगासारखा क्रम वर्षभर पसरलेला असल्यामुळे प्रमाणदिन आणि प्रत्यक्ष दिवस यांतील तफावत खोपोलीइतकी राहत नाही. शिर्डीच्या राहाता परिसरात पाऊसही कोकणाच्या मानाने अगदी थोडा पडतो. थोडक्या भांडवलात अधिक दिवस चालणारे उद्यान हवे असेल, तर रचना अशीच होणार. मात्र श्रद्धेचा विषय तिकिटावर दाखवायचा, तर कोठे थांबायचे याचे भानही नेतृत्वालाच ठेवावे लागते. देवाच्या मूर्तीपुढे वाजवायच्या संगीताचा आवाज किती असावा, प्रयोगातून बाहेर पडणारी वाट थेट दुकानातच उघडावी का, अशा लहान वाटणाऱ्या निर्णयांनी भाविकाचा आदर मिळतो किंवा जातो.

२०२२ मध्ये इमॅजिकाच्या कर्जाची तडजोड होऊन कंपनीचे नियंत्रण याच मालपाणी समूहाकडे आले आणि त्यानंतर २०२४ मध्ये समूहाची लोणावळा व शिर्डी येथील उद्याने, साई तीर्थासह, इमॅजिकाच्या कंपनीत सामील करण्यात आली. अशा प्रकारे स्वप्न पाहणाऱ्याने उभारलेली वास्तू हिशेब जाणणाऱ्याच्या हाती गेली. नव्या नेतृत्वाला ती मूळ खर्चाहून पुष्कळ कमी किमतीत मिळाली आणि त्यामुळेच कर्जाच्या ओझ्याविना तिचे तिकीट, देखभाल व विस्तार यांचा विचार करणे शक्य झाले, हे लक्षात ठेवले पाहिजे. पहिल्या मालकाने व धनकोंनी सोसलेला तोटा हाच दुसऱ्याच्या यशाचा पाया आहे. कंपनीचे इंदूर येथील जलोद्यान पाहता नव्या नेतृत्वाचा कल मोठ्या थीम पार्कपेक्षा आटोपशीर जलोद्यानांकडे दिसतो, आणि आर्थिक दृष्टीने तो समजण्याजोगा आहे, कारण जलोद्यानात दर पाहुण्यामागे लागणारे भांडवल कमी असते. परंतु केवळ हाच मार्ग धरला, तर इमॅजिकात जन्मलेली भारतीय कथा-राइडची परंपरा जेथल्या तेथे थांबेल, आणि सलीमगढसारखी राइड पुन्हा बांधण्याचे कसब असलेली माणसे या राज्यातून पांगतील. घसरगुंडी कोणत्याही उत्पादकाकडून विकत आणता येते. गोष्ट आणता येत नाही.

जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न पाण्याचा आहे. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी ऑक्टोबर २०२३ मध्ये औपचारिकपणे सोडले जाण्यासाठी या भागातील शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी वाट पाहिली. जलोद्यानातील पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरले जाते, त्यामुळे प्रत्यक्ष घट प्रामुख्याने बाष्पीभवन, गळती आणि गाळण्या धुण्यातून होते, ही वस्तुस्थिती आहे. परंतु लोकांना ती कळावी यासाठी दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद जाहीर करणे हे तांत्रिक विभागाच्या अखत्यारीतील काम नव्हे, ते नेतृत्वाने घ्यावयाचे धोरण आहे.

संगमनेरमधून आज ज्या उद्यानांचे भवितव्य ठरते, त्यांच्या पुढच्या विस्तारासाठी लागणारी सामग्री याच जिल्ह्यात पडून आहे. चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी, नगरचा किल्ला लढविणारी चांदबीबी, आणि जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे, यांपैकी एकही विषय अद्याप कोणत्याही मोठ्या थीम पार्कच्या राइडमध्ये ठसठशीतपणे आलेला नाही. मालपाणी समूहाच्या नेतृत्वाने दर वर्षाच्या नफ्यातील ठरावीक वाटा बाजूला काढून मराठी लेखक, चित्रकार, मूर्तिकार आणि यंत्रअभियंते यांचा कायमस्वरूपी रचना-विभाग संगमनेरात किंवा शिर्डीत उभा करावा, आणि त्याच्याकडे पहिले काम म्हणून यांपैकी एक कथा सोपवावी.