अंगणाचा उतार

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ऐकवणारा मनुष्य स्वतः बहुधा अंगणात नसतो. तो ओटीवर पान लावीत बसलेला असतो, त्याच्या पायांचा त्या जमिनीशी काडीमात्र संबंध नसतो, आणि म्हणूनच पाय चुकले की जमीन चुकली याचा निवाडा त्याला इतक्या निर्वेधपणे देता येतो. छायाचित्रणाची हौस बाळगणाऱ्या आणि टिपलेल्या चित्रांवर संस्कार करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर पत्करावे या विवंचनेत पडलेल्या माझ्यासारख्याला असे ओटीवरचे हितचिंतक पुष्कळ भेटतात. दृष्टी असली म्हणजे साधनाचे काय एवढे, असे ते म्हणतात. आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. तरीही म्हणीतले ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कारण अंगण वाकडेच असते, हे कोकणात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पाऊस सरला की अंगणातले गवत काढतात, तांबडी माती पसरतात, पाणी शिंपून ती चोपण्याने चोपतात, वरून शेणाने सारवतात; आणि हा खटाटोप चालू असताना घरातले कोणी वडीलधारे हटकून बजावते की उतार राहू द्या रे, नाहीतर मिरगाचे पाणी उंबऱ्याशी येईल. शिमग्यात खेळे दारोदार हिंडतात तेव्हा एकाचे अंगण विहिरीकडे उतरत असते, दुसऱ्याचे माडांच्या आळ्यांकडे, तिसऱ्याच्या मधोमध तुळशीवृंदावन ठाण मांडून असते. परंतु खेळ्यांनी कोणाकडे अंगण सपाट करून मागितल्याचे मी ऐकलेले नाही. पहिल्याच फेरीत त्यांचे पाय उतार ओळखतात आणि पुढे त्याची वाच्यताही होत नाही. मात्र हेही खरे की ते तेथे घटकाभरच नाचतात आणि नारळ घेऊन पुढल्या घरी जातात. जो मनुष्य आयुष्यभर एकाच अंगणात नाचला, त्याच्या पायांचे काय होत असेल? त्यांना तो उतारच सपाटी वाटू लागत असेल, आणि खरोखरीच्या सपाट जमिनीवर तो अडखळत असेल.

ही शंका निव्वळ कल्पनाविलास नव्हे. कॅमेऱ्यातून निघणारी रॉ फाइल हे अद्याप चित्र नसते. ईस्टमन कोडॅकचे ब्राइस बेयर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, ती आजही बहुसंख्य डिजिटल कॅमेऱ्यांत नांदते: संवेदकाचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद करतो, निम्मे बिंदू हिरव्याची, चतुर्थांश लालची, चतुर्थांश निळ्याची, बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अजमावून भरावे लागतात. हे अजमावणे सॉफ्टवेअरकडे असते. म्हणजे पडद्यावरील रंगांचा दोन-तृतीयांश ऐवज अनुमानाचा. आणि प्रत्येकाचे अनुमान निराळे, कॅमेऱ्याच्या नोंदींना रंगरूप देण्याची रीतही निराळी असल्यामुळे तीच संध्याकाळ, तेच आकाश, आपण एकही फेरफार करण्यापूर्वीच लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एका छटेचे दिसते आणि डार्कटेबलमध्ये दुसऱ्या. ज्यावर उभे राहून बाकीच्यांचा उतार मोजावा, असे अंगणच कोठे नाही.

बरे, उताराशी जमवून घेतले तरी मालकीचा प्रश्न उरतोच. खोताच्या जमिनीवर घर असलेले कूळ अंगण निगुतीने चोपीत असे, पण त्यावरचा त्याचा हक्क वहिवाटीपुरता. अडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केले की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे कायमच्या विकत मिळणार नाहीत, ठरावीक मुदतीचे शुल्क भरूनच वापरता येतील. त्याच कंपनीच्या लाइटरूमची कायम मालकीची अखेरची आवृत्ती २०१५ साली निघाली. मुदत संपली की लाइटरूममध्ये चित्रे पाहता येतात, फेरफाराचे दालन मात्र बंद होते. याउलट १९९६ पासूनचे गिंप आणि २००९ पासूनचे डार्कटेबल यांना कोणी खोत नाही. ती फुकट मिळतात आणि त्यांची आज्ञावलीही सर्वांना खुली असते. पण तेथे माती पसरण्यापासून सारे आपणच शिकायचे, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाचा रविवार त्या शिकण्यातच मावळतो. शिवाय रॉ फाइल अस्पर्शित ठेवून केवळ फेरफारांची नोंद जे दप्तर करते, ते एका घरचे दुसऱ्या घरी नीट वाचता येत नाही. स्थलांतर करणाऱ्याने मूळ फाइल तेवढी न्यावी, केलेले श्रम मागे ठेवावेत.

आणि अंगण स्वतःचे असले तरी काय? छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला आणि त्या एका निगेटिव्हवरून ते पुढे दशकानुदशके प्रती काढीत राहिले. आरंभीच्या प्रतींत आकाशात फिके ढग दिसतात. उत्तरकाळच्या प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळेभोर झालेले आहे. डार्करूम त्यांची, हात त्यांचे, रसायनांचा स्वभाव मुखोद्गत. तरी चित्र पालटतच गेले. त्यांपैकी कोणती प्रत त्या संध्याकाळशी इमान राखून आहे, याचे उत्तर मला देता येत नाही, आणि ते देता आल्याखेरीज कोणते सॉफ्टवेअर अधिक प्रामाणिक हे ठरवावे तरी कशाच्या आधारे, तेही कळत नाही. साधनाची निवड ही पैशांची आणि सोयीची बाब आहे असे मी समजत होतो; ती तेवढीच आहे की नाही, याविषयीही आता साशंक झालो आहे. तूर्त लाइटरूम आणि डार्कटेबल ही दोन्ही माझ्या संगणकावर आहेत, आणि पहिल्याचे शुल्क पुढल्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरावयाचे आहे.