वजन उतरलं, पण लोहाचं काय?

मंडळी, पोस्ट जरा लांब झाली आहे. पण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विचार तुमच्या घरात कोणी करत असेल, किंवा कोणाचं झालं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

बॅरिॲट्रिक सर्जरी हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो २०११ साली, नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. पुढे २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद उपचारांसाठी मुंबईला आणली गेली आणि कित्येक आठवडे तिच्या वजनाचे आकडे छापून येत राहिले. या ऑपरेशनची बातमी नेहमी किलोची होते. किती होतं, किती उतरलं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. त्यानंतरच्या पाच-दहा वर्षांची बातमी कोणी करत नाही.

आता ही ऑपरेशनं मुंबई-पुण्यात रोजची झाली आहेत. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरूनही लोक जातात. त्यात वाईट काही नाही. मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणं, कामातून गेलेले गुडघे यांनी बेजार झालेल्या माणसाला यातून खरा फरक पडतो. माझा मुद्दा नंतरचा आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीचा. ती म्हणजे शरीरातलं लोह.

उदाहरण घरचंच देतो. माझी वहिनी, वय बेचाळीस. काशीदला पर्यटकांसाठी खोल्या आणि खानावळ चालवते. तिला विचारूनच लिहितोय. "लिहा भावोजी, पण नाव नको," एवढंच म्हणाली. तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात तिचं गॅस्ट्रिक बायपास झालं. वजन ११२ वरून ७४ वर आलं, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. पहिलं वर्ष झकास गेलं.

दुसऱ्या वर्षी ती दमायला लागली. वरच्या खोलीत चादरी बदलायला गेली की जिन्यातच बसायची. केस मूठ-मूठ जात होते. रात्री पाय स्वस्थ राहायचे नाहीत. आणि मासळीच्या खोक्यासाठी आणलेला बर्फ धुऊन चघळत बसायची. मे महिना होता, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. "एवढं वजन उतरलंय, अशक्तपणा येणारच," असं शेजारपाजार म्हणायचा. एका दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासलं, ११.४ आलं. "थोडं कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा," असा सल्ला मिळाला.

चार महिन्यांनी अलिबागला एका तरुण डॉक्टरांनी बर्फाचं ऐकलं आणि लगेच विचारलं, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का? बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी पडल्याची जुनी खूण आहे. त्यांनी फेरिटिन करायला लावलं. आलं ६.

फेरिटिन म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे चुलीवर शिजणारा भात, फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. कणगी रिकामी होत आली तरी बरेच दिवस भात शिजत असतो. हिमोग्लोबिन घसरायला लागतं तोवर साठा जवळजवळ संपलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरते. अशा ऑपरेशननंतर बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन फसवं जास्त दिसतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहतात.

आता मूळ कारण. आपण खातो त्यातलं लोह मुख्यतः जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी उरते, साधारण अंड्याएवढी, आणि अन्न नेमका तो सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. शिवाय भाजीपाल्यातलं लोह शोषण्याजोगं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, तेही कमी झालेलं असतं. त्यात ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी कमी. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये आतडं जागच्या जागी राहतं, पण जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो. त्यामुळे तिथेही लोह कमी पडतं, फक्त बायपासइतकं नाही.

निरोगी माणसाचं शरीरही दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घेतं. तो हिशेब बिघडला आणि दर महिन्याला पाळीत रक्त जातच राहिलं, की कणगी कधीतरी तळाला जाणारच. म्हणून पाळी चालू असलेल्या बायकांना सगळ्यात जास्त धोका.

गूळ-शेंगदाण्यांनी हे भरून निघत नाही. उलट बायपास झालेल्याने मूठभर गूळ खाल्ला तर साखर झपकन आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते. याला डंपिंग म्हणतात. वहिनी दोनदा त्यातून गेली आणि तिला वाटलं हार्टचं काही आहे. मासळी, कालवं, तिसऱ्या, मटण, अंडी जरूर खा. माशा-मटणातलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा सहज शोषलं जातं. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा घेऊ नका. पण अशा ऑपरेशननंतर नुसत्या जेवणावर भागत नाही, गोळी लागतेच.

गोळीचं गणितही समजून घ्या. अमेरिकेतल्या बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या सूचनांप्रमाणे पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. आपल्याकडे २०१८ पासून ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रम आहे. त्यात २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांना ६० मिलिग्रॅमची लाल गोळी मिळते, पण आठवड्याला एक. ती ज्यांच्यासाठी ठरवली त्यांना ठीक आहे. बायपास झालेली बाई तीच आठवड्याची गोळी घेऊन निर्धास्त राहिली, तर तिला गरजेच्या सातव्या हिश्श्याइतकंच लोह मिळतंय.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. वहिनी दोन्ही गोळ्या विसरायला नकोत म्हणून एकदमच घ्यायची. तसं करू नका असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोटात न विरघळता आतड्यात पुढे जाऊन सुटणारी गोळी बायपासवाल्यांना फारशी कामाची नाही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, जोडाच्या जागी व्रण होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकतं. लोहाच्या गोळीने शौच काळी होतेच, पण डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची झाली तर लगेच डॉक्टर गाठा. आणि गोळ्यांनी फेरिटिन चढतच नसेल तर शिरेतून लोह देतात. वहिनीचं तेच झालं. सलाईनमधून दोन वेळा लोह दिलं, दीड-दोन महिन्यांत जिना चढायला लागली. बर्फ सुटला.

आता सार्वजनिक प्रश्न.

विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या अटींप्रमाणे, बीएमआय ४० च्या वर असेल किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर ऑपरेशन विम्यात बसू शकतं. चांगलंच झालं. पण डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसी साधारण ६० ते ९० दिवसच देतात. लोह संपतं वर्ष-दोन वर्षांनी. तेव्हाच्या तपासण्या, गोळ्या, लोहाचं सलाईन, सगळं खिशातून. ज्याला कर्ज काढून ऑपरेशन करावं लागलं, तो पहिली काटछाट इथेच करतो.

दुसरं, अंतर. ऑपरेशन मुंबईत आणि रुग्ण काशीदला. अलिबाग इथून तीसेक किलोमीटर, मुंबई त्याच्या पलीकडे. पावसाळ्यात रस्त्याचा काय भरवसा? जुलै २०२१ मध्ये इथला पूल कोसळला, एकाचा जीव गेला, रस्ता तुटला. ऐन सीझनमध्ये खानावळ बंद ठेवून फॉलोअपला जाणं कोणाला परवडतं? "बरं वाटतंय ना, मग कशाला जायचं," असं म्हणत रुग्ण तुटतो तो असा.

तिसरं, आपल्या डोक्यातली ॲनिमियाची प्रतिमा. रक्त कमी म्हणजे बाळंतीण, नाहीतर खायला न मिळालेली हडकुळी बाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया होता. त्याच पाहणीत २३.४ टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. म्हणजे दोन्ही असलेल्या बाया आपल्यातच आहेत. कित्येक जणी आधीच अर्ध्या रिकाम्या कणगीनिशी ऑपरेशनला जातात. खात्यापित्या घरातली, नुकतंच वजन उतरवलेली बाई दमते म्हटल्यावर तिच्याकडे कोण लक्ष देणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत. ऑपरेशनआधी फेरिटिन तपासा आणि कमी असेल तर आधी भरून काढा. डिस्चार्जच्या वेळी एक पान मराठीत द्या: कोणतं ऑपरेशन झालं, कोणती गोळी किती आणि केव्हा, कोणत्या तपासण्या कधी. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी, जन्मभर. लोह, बी-१२, फोलेट, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, सगळं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फेरिटिन आणि शिरेतून लोह देण्याची सोय हवी. विमा कंपन्यांनी वर्षातून एकदा या तपासण्यांचे पैसे द्यावेत. ऑपरेशनच्या खर्चापुढे तो आकडा किरकोळ आहे.

लोकप्रतिनिधींना पत्र पाठवतो आहे. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, तुमच्या तालुक्याचं नाव घालून पाठवा.

तोवर तुमच्या ओळखीत कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर भेटल्यावर "किती किलो उतरलं?" एवढंच विचारू नका. "फेरिटिन शेवटचं कधी केलं?" हेही विचारा. नुसतं हिमोग्लोबिन बरोबर आहे असं सांगितलं, तर ही पोस्ट त्यांना पाठवा.