मूग नव्हे, मोग

सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या आडनावाचा आपण सगळ्यांनी उसळीतला मूग करून टाकला आहे. मीही तीस वर्षे तेच म्हणत आलो. ते स्वतः मात्र ‘मोग’ म्हणत. कोकणीत मोग म्हणजे प्रेम. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत एके काळी कितीतरी व्हायोलिने आणि ट्रम्पेट गोव्याच्या माणसांच्या हातात होती. वादक कर्सी लॉर्ड यांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात मिनीमोग हा छोटा सिंथेसायझर आणला तेव्हा त्या गोवेकरांतल्या कुणी तरी ते नाव नीट उच्चारले असेल आणि गालात हसला असेल, असे मला उगीच वाटते.

*

म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत निर्माते जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट गायिका डोना समरसाठी ‘आय फील लव्ह’ हे १९७७ चे डिस्को गाणे करत होते. कपाटाएवढा मॉड्युलर मोग त्यांचा नव्हता, एबरहार्ड शोनर या संगीतकाराकडून आणलेला होता. त्याच्यासोबत रॉबी वेडेल नावाचा जाणकार आला. यंत्राला टेपवरच्या ठोक्याशी बांधून ठेवायची युक्ती त्याला ठाऊक होती. पण एक खोड काही जाईना. थोडा वेळ वाजला की मोगचा स्वर सरकायचा. मग काय, जरासे वाजवायचे, थांबायचे, परत स्वरात आणायचे, पुढचा तुकडा घ्यायचा. ऐकताना अखंड धावणारे हे गाणे असे गोधडीसारखे शिवलेले आहे.

आणि खालचा तो ‘ढुम्’? तो मोगकडून मनासारखा निघेना, म्हणून कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवला. यंत्राचे गाणे म्हणून ज्याचा सगळीकडे दाखला देतात, त्याला पाय माणसाचा आहे.

हेडफोन लावून ऐकून पाहा. डाव्या कानात बेसचा मूळ स्वर, उजव्या कानात किंचित उशिरा त्याचाच पडसाद. एक बाजू काढून ठेवली की धावणारा माणूस चालायला लागतो.

*

मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढताना पाहिली होती. कारागीर घोडीवर कानस फिरवी, दोन-चार हात, की लगेच तार छेडून कान लावी. पुन्हा कानस. मी मोजत होतो आणि मध्येच मोजणे विसरलो. घोडीचा उतार इतका हलका असतो की तार तिला नुसती टेकत नाही, घासत-सुटत राहते. त्यातून मूळ स्वराच्या वरचे सगळे स्वर झिरपू लागतात. तारेखाली सुती दोरा सरकवला की अचानक तानपुरा बोलतो.

जवारी खुली असते किंवा बंद असते. मोगच्या फिल्टरबद्दलही वाजवणारे हेच दोन शब्द वापरतात. करवतीच्या दातांसारखी लाट घ्यायची, तिच्यात वरचे सगळे स्वर ठासून भरलेले असतात, आणि फिल्टरची खुंटी फिरवून ते एकेक झाकत जायचे. कारागीर कानशीने उघडतो ते हे खुंटीने मिटतात. दोन्हीकडे शेवटचा निवाडा कानाचाच.

*

वरातीत बँडने नागीण धरली की दातात रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा एक काका प्रत्येक घराण्यात असतो. ज्या धुनेवर तो लोळतो ती ‘नागिन’ची, १९५४ ची, संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातली बीन ही बीन नव्हेच. ते क्लॅव्हिओलिन आहे. कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये काढलेले, व्हॉल्व्हवर चालणारे छोटे वाद्य. वाजवले कल्याणजी वीरजी शाह यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी झाले त्यांतले कल्याणजी.

आता गंमत अशी, की आपल्या कानात बीन म्हणून जे बसले आहे ते हेच. खऱ्या गारुड्याची पुंगी ऐकली की वाटते, याला नीट वाजवता येत नाही.

*

बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड घेतला. साडेतीन हजार, सोबत स्टँड आणि फाटकी बॅग. विकणारा म्हणाला, “सगळं चालतं, फक्त पांढरी तीन जरा ओरडते.” घरी आणून लावला. खरेच, बाकी सगळ्या पट्ट्या बोटाच्या दाबाप्रमाणे वाजतात. पांढऱ्या तीनला नुसता हात लागला तरी ती बोंब ठोकते. दोन दिवस तिला चुकवून वाजवले. माझा गंधार नेमका तिथेच. तो चुकवून यमन कसा होतो ते वाजवणाऱ्यालाच विचारा.

*

चरणजितसिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले गिटारवादक. १९८२ मध्ये त्यांनी तीन रोलंड यंत्रे घेतली (ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३) आणि ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केली. ललत, तोडी, यमन, मालकंस, खाली ठोका ठाम, मागे खर्जात ३०३ ची वळवळ. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, फारशी कुणी घेतली नाही. त्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरींची गाणी थेट सोव्हिएत रशियात जाऊन बसली.

२०१० मध्ये ‘टेन रागाज’ नव्याने निघाली तेव्हा युरोपातले ऐकणारे चक्रावले. अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीताची सुरुवात मानतात ती शिकागोच्या फ्युचर या चमूची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. तिच्या पाच वर्षे आधी मुंबईत कुणी तरी त्याच यंत्रावर तोच आवाज काढून बसले होते. चरणजितसिंग २०१५ मध्ये गेले. जाण्याआधी आपल्या रेकॉर्डचा हा दुसरा जन्म त्यांनी पाहिला, परदेशात जाऊन ती वाजवलीही.

*

३०३ ची कुळकथा. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला साथ हवी, म्हणून रोलंडने बेस गिटारची नक्कल करणारी ही डबी १९८१ च्या सुमारास काढली. नक्कल इतकी फसली की १९८४ मध्ये बंदच केली. मग जुन्या मालाच्या दुकानांत ती मातीमोल झाली, आणि म्हणून शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. बेस गिटार म्हणून तिच्याकडे पाहायचे सोडले तेव्हा ती कळली.

तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे पेटीला दार बंद ठेवले. मोठी तक्रार हीच की पट्ट्यांवर मींड निघत नाही, स्वरांमधली जागा मोकळीच राहते. बेसची नक्कल करायला निघालेल्या जपानी डबीत मात्र घसरण आपसूक आली होती. चरणजितसिंगांच्या तोडीत ती जिथे कोमल गंधारावर लोळते तिथे मी दर वेळी थांबतो.

*

मावशी पेटी शिकवते. तिला ती तोडी ऐकवली. डोळे मिटून पाच मिनिटे ऐकली, मग म्हणाली, “स्वर जागेवर आहेत रे. पण ह्याला श्वास घ्यायला लागत नाही, म्हणून सारखी घाई.” मी बंद करायला गेलो तर, “बंद कशाला करतोस? परत लाव.”

*

टीआर-८०८ या ठेक्याच्या यंत्रात खऱ्या ढोलाचा आवाज भरलेला नाही, सगळे विजेतून घडवलेले. त्याच्या सळसळीसाठी रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी मुद्दाम कसोटीत न बसलेले ट्रान्झिस्टर विकत घेतले. कारखान्याने नापास केलेला माल. पुढे कारखाने सुधारले, असा खराब माल निघेना, आणि १९८३ मध्ये ८०८ बंद झाले. चांगला माल मिळू लागला म्हणून बुडालेले दुसरे वाद्य मला माहीत नाही.

*

स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग १९६७ मध्ये संगणकावर स्वराला कंप देऊन पाहत होते. कंप सावकाश असला की गायकाची आंदोलने वाटतात. तो वाढवत वाढवत नेला, आणि एका टप्प्यावर कानाने कंप मोजायचे सोडून दिले. तिथे हलणारा स्वर ऐकू येईना, भलताच नवा आवाज आला, कधी घंटेचा, कधी पितळी भांड्याचा. एका लाटेने दुसरीला हलवायचे, एवढेच बीज. यामाहाने त्याचा परवाना घेऊन १९८३ मध्ये डीएक्स-७ काढला, आणि ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या प्रेमगीतांना तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो चिकटला.

डीएक्स-७ चा स्वर सरकत नाही. तापो, थंड होवो, तो आहे तिथे आहे. त्याच्यावर मी प्रेम करायचा फार प्रयत्न केला आहे.

*

ऑफिसात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे. लय चुकू नये म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर बी जीजचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ लावले. रबरी पुतळ्याभोवती आम्ही वीस जण गुडघे टेकून बी जीजवर हात हाणतो आहोत!

कुणाला सांगितले नाही, पण त्या गाण्यातला ठेकासुद्धा सलग वाजवलेला नाही. ड्रमर डेनिस ब्रायन यांच्या घरात मयत झाली, त्यांना जावे लागले. उरलेल्यांनी ‘नाइट फीव्हर’ या दुसऱ्या गाण्याच्या टेपमधून त्यांचीच दोन आवर्तने कापली, टेपची टोके जोडून कडे (लूप) केले आणि ते फिरत ठेवले. श्रेयनामावलीत ड्रमर म्हणून बर्नार्ड लूप हे नाव घातले. असा माणूसच नाही. घरात मयत झाल्यावर गावाला गेलेल्या माणसाचे दोन आवर्तनांचे वाजवणे, आणि त्यावर आज जग छाती दाबते.

*

१२ जुलै १९७९, शिकागोचे कॉमिस्की पार्क. बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्ड पेटीत भरून सुरुंगाने उडवल्या. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. म्हणे डिस्को मेला. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोच्याच रेकॉर्ड वाजवत होता, आणि त्यातून ‘हाउस’ हा संगीतप्रकार उभा राहिला. क्लबात नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांतले कितीतरी समलिंगी. मैदानातली ती होळी नेमकी कुणाच्या नावाने होती, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मोग आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी स्टुडिओ लावून दिला. यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत सांगितले होते आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीतातले काउंटरपॉइंट घेतले होते. १९७२ पर्यंत तिथे ध्वनिमुद्रणे झाली, मग टेप कपाटात गेल्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस यांना त्या सापडल्या, २०२३ मध्ये रेकॉर्ड निघाली.

ऐकताना जाणवते, त्यांना काही सिद्ध करायचे नाही. बीन नको, बेस नको, राग नको. खुंटी फिरवून काय होते ते पाहताहेत. नकलेच्या वाटेला न जाता थेट यंत्राच्या स्वभावाशी बोलणारी ही माणसे आपल्याकडे चरणजितसिंगांच्याही तेरा वर्षे आधी होती.

*

संगणकावरच्या मिनीमोगमध्ये स्वर सरकवायची वेगळी खुंटी आहे. शून्य ते दहा. रेकॉर्डची खरखर हवी तर तिलाही बटण आहे. मी स्वर सरकणे तीनवर ठेवतो. चारवर गेले की पिकलेले केस रंगवण्याऐवजी काळे केस पांढरे केल्यासारखे दिसते.

*

शेवटी कीबोर्ड उघडला. स्क्रू अठ्ठावीस, वाटीत मोजून ठेवले. प्रत्येक पट्टीखाली रबराची दोन बोंडे असतात. पहिले आधी टेकते, दुसरे नंतर. दोन्हींच्या मधल्या वेळावरून यंत्र बोटाचा वेग ओळखते. पांढऱ्या तीनखाली त्या दोन बोंडांच्या मध्ये गुलाल साचला होता. सगळीकडेच होता, तिथे जास्त. कुठल्या तरी विसर्जनाच्या मिरवणुकीतला, ट्रकवरचा. वेळ मोजताच येत नव्हता म्हणून ती दर वेळी पूर्ण जोराने ओरडत होती.

क्षणभर वाटले, राहू द्यावा. इतके दिवस सरकणाऱ्या मोगचे, नापास ट्रान्झिस्टरचे, फसलेल्या नकलेचे गोडवे या वहीत लिहितो आहे. पण मिरजेचा तो कारागीर आठवला. जवारी काढायच्या आधी त्याने घोडीवरची धूळ फडक्याने पुसली होती, विचारही न करता. घोडीचा उतार हा तानपुऱ्याचा स्वभाव, तिच्यावरची धूळ ही धूळ.

कापूस, स्पिरिट. कापूस गुलाबी झाला, दुसरा घेतला. अठ्ठावीसपैकी सव्वीस स्क्रू लागले, दोन उरले.

पांढरी तीन आता हळू दाबली की हळू वाजते. रात्री साडेअकराला यमन वाजवला, गंधारासकट, कुणी उठले नाही.