राणीच्या बागेतला कट्टा

भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून डॉ. आंबेडकर मार्गाने चालत निघाले की थोड्याच वेळात राणीच्या बागेचे फाटक येते. बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी ‘राणीची बाग’च बसले आहे. लहानपणी आईवडिलांचे बोट धरून आपण तिथे माकडे पाहायला गेलो. २०१७ पासून आपली मुले पेंग्विन पाहायला जातात. रविवारी रांग लागते. त्या गर्दीत फाटकाजवळच्या एका जुन्या देखण्या इमारतीकडे मात्र कोणी फिरकत नाही. साहेबाचे काहीतरी असेल, असे म्हणून माणसे पुढे जातात.

ती इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी नाव होते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. नाव विलायती असले तरी ते उभारण्यासाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी पुष्कळ खटपट केली होती. भाऊ दाजी गोव्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून डॉक्टर झालेले. महारोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले. पुढे वास्तू मोडकळीस आली. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली आणि २००८ मध्ये दरवाजे पुन्हा उघडले. खांबांवरची नक्षी आणि सोन्याचा वर्ख पाहून मुलांचे डोळे दिपतात.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पन्नास वर्षांनी ते जोडून इथे उभे केले. फुटला म्हणून राहिला, नाहीतर गेलाच होता!

पण मला वाचकांना न्यायचे आहे ते वरच्या मजल्यावर. तिथे काचेच्या कपाटांत मातीची छोटी छोटी माणसे आहेत. नाना जातींची, नाना धंद्यांची, तऱ्हेतऱ्हेच्या पागोट्यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. कला विद्यालयाचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच इथले क्युरेटर होते. त्यांच्या काळापासून अशा प्रतिकृती करवून घेतल्या गेल्या. काम अत्यंत बारीक आहे, कारागिरांच्या हाताला सलाम करावा असे. तरी पाहता पाहता मन खट्टू होते. साहेबाला आमची जात हवी होती, धंदा हवा होता, पागोटे हवे होते. माणूस नको होता.

आमच्या चाळीतल्या महिला मंडळाच्या बायकांना घेऊन गेलो तेव्हा एक आजी अशाच एका बाईच्या पुतळीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म झाडूकामात गेला.

“भाऊ, हिचं नाव काय लिवलंय?”

“नाव नाही आजी. कोणत्या लोकांतली, तेवढंच.”

“मंग ही बोलंल कशी?” आजी म्हणाल्या आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या.

म्हणूनच याच संग्रहालयाने ‘म्युझियम कट्टा’ हा उपक्रम काढला ही मला मोठी गोष्ट वाटते. परिसरातल्या कलावंतांना बोलावून समाजाच्या प्रश्नांवरचे त्यांचे काम लोकांपुढे मांडायचे, असे त्याचे स्वरूप. नावही आपल्या ओळखीचे. कट्टा म्हणजे पाळीवरून आल्यावर टेकायची जागा. तिथे पास लागत नाही, इंग्रजी लागत नाही. ज्या वास्तूत आमची माणसे शंभर वर्षे काचेआड मुकी उभी राहिली, तिच्याच आवारात या वस्तीतला माणूस आपल्या नावानिशी आपले म्हणणे सांगणार, हा बदल लहान नाही.

आणि या भागाला कलावंतांची उणीव कधी नव्हती. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. त्यांच्या नावाचे नाट्यगृह या बागेला लागूनच आहे. इथून तीन स्टेशने पुढे परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने गावोगाव माणसे जागी केली. या कलेला रंगमंच मिळाला तो चाळीच्या चौकात, मांडवात, बत्तीच्या उजेडात. संग्रहालय नावाच्या घरात तिला कोणी बोलावले नव्हते.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी १९९९ च्या सुमारास महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्यात उभी असलेली बाई. मातीच्या पुतळ्या आणि ही छायाचित्रे मनात शेजारी ठेवून पाहा. विषय तोच, माणसेही तीच. पण छायाचित्रांतले डोळे आपल्याकडे बघतात आणि आपल्याला मान खाली घालावी लागते.

आता एक तक्रारही. असल्या कार्यक्रमांची खबर आमच्या चाळींपर्यंत येत नाही. ती येते ती कलेच्या वर्तुळातल्या मंडळींना. मग वस्तीतला कलावंत गातो आणि ऐकायला मलबार हिलचे पाहुणे! असे झाले तर तो कट्टा कसला, तो दिवाणखाना झाला. कार्यक्रमाचा कागद चाळीच्या फळ्यावर, विहाराच्या दारात, पालिका शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे. गाणाऱ्याला शालीबरोबर त्याचे मानधनही वेळेवर मिळाले पाहिजे. शालीवर घर चालत नाही. आपणही आमंत्रणाची वाट पाहू नये. आपल्या मंडळातला चित्र काढणारा पोरगा, गाणी रचणारी मुलगी यांना घेऊन सरळ आत जावे आणि विचारावे, पुढचा कट्टा कधी, आमच्या पोरांना जागा मिळेल का?

बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. माहिती सांगणारा माणूस मराठीतून सांगेल का, हे दारातच विचारून घ्यावे. पेंग्विनची रांग मोठी असेल तर आधी इकडे यावे. आणि मुलांना वरच्या मजल्यावर घाईने फिरवू नये.