आधी चौकशी

सुरतेत ‘एजंट’ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कापडबाजारातला दलाल तरी उभा राहतो, किंवा विम्याचा हप्ता मागायला आलेले गृहस्थ तरी. म्हणून गेल्या दिवाळीत आमची भाची इच्छापोरला घरी आली असता, “मामा, ग्रंथालयाच्या कामाची चौकशी आपण एजंटांकडून करून घेऊ या,” असे म्हणाली, तेव्हा आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो दलाली किती, हाच. ती हसली. तिचे एजंट माणसे नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी भाषिक मॉडेले अलीकडे घरोघरी पोहोचली आहेत, त्यांनाच हातपाय फुटले की त्यांना एजंट म्हणतात. नुसते मॉडेल विचारलेल्याचे उत्तर देते. एजंट काम अंगावर घेतो, त्याचे टप्पे पाडतो, महाजालावर हिंडतो, पाने उघडून वाचतो, सापडेल त्यावरून पुढचा शोध ठरवतो आणि शेवटी अहवाल आणून ठेवतो. असे तीन-चार एजंट एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना धाडता येतात.

भाचीचा व्यवसाय प्रणाली लिहिण्याचा. हल्ली तेही काम यंत्र बरेचसे करते, आणि मंडळाच्या ग्रंथालयापुरती नवी प्रणाली तिने दोन दिवसांत उभी करून दिली असती. आमचाही तोच हट्ट होता. पण ती म्हणाली, “लिहिणं सोपं झालंय, म्हणूनच आधी बघायचं, मामा. सोपं झालं की माणूस उगीच बांधत सुटतो.”

हे वाक्य आम्हांला लागले. त्याचे कारण सांगणे वाचकांपेक्षा आम्हांलाच जड आहे, पण ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

सन २००३ मध्ये मंडळाच्या ग्रंथालयासाठी आम्ही स्वतः एक प्रणाली लिहिली होती. संगणक नवा, उत्साह उदंड, आणि दोन महिने रात्री जागून केलेले काम. असे काही दुसऱ्या कोणी आधी केले असेल काय, हा विचार आमच्या मनाला शिवलाही नाही. वास्तविक युनेस्कोची ‘सीडीएस-आयसिस’ ही ग्रंथालयांसाठीची प्रणाली तेव्हा कित्येक वर्षे मोफत मिळत होती. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांनी आपली जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखांना टिकणार नाही असे दिसताच ‘कोहा’ नावाची नवी प्रणाली करवून घेतली होती, आणि जानेवारी २००० पासून ती वापरात आणून जगाला खुली करून दिली होती. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, अहेर. परतफेडीचे भान ठेवून दिलेला. यांतले आम्हांला काही ठाऊक नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

आमच्या प्रणालीत ग्रंथाचे नाव, लेखक, किंमत आणि दाखल क्रमांक एवढे चार रकाने होते. कागदी दाखलनोंदवहीत पाचवा रकाना होता, शेऱ्याचा. जुन्या ग्रंथपालांनी त्यात कोणत्या घराने कोणत्या निमित्ताने ग्रंथ दिला ते लिहून ठेवले होते. कोणाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला, कोणाच्या मुलीच्या लग्नात, कोणी बदली होऊन गाव सोडताना. आम्हांला तो रकाना निरुपयोगी वाटला. पुढे पावसाळ्यात नोंदवह्यांना कसर लागली, तेव्हा “सगळे संगणकात आहेच” असे आम्हीच सभेत सांगितले आणि त्या रद्दीत गेल्या. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांची नावे त्या रद्दीत गेली. हे अद्याप कोणी आमच्या तोंडावर बोललेले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

बांधण्यापूर्वी विचारण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही, आणि म्हणूनच ही चूक अधिक लाजिरवाणी. आपल्यातल्या अनेक घराण्यांचे मूळपुरुष नवसारी, सोनगड, व्यारा या बाजूंना आले ते बडोदे संस्थानाच्या चाकरीत. त्या संस्थानाचे अधिपती, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव महाराज, १९०६ साली अमेरिकेत गेले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून आले. आपल्या राज्यात तसे काही करायचे म्हणताच त्यांनी गवंड्यांना बोलावले नाही. १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन येथे ग्रंथालय चालवलेला हा माणूस तीन वर्षे बडोद्यात राहिला. मध्यवर्ती ग्रंथालय, खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या पेट्या, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग ही सारी घडी त्याच्या काळात बसली. गंमत अशी, की ग्रंथांच्या वर्गीकरणाला हात घालताना बॉर्डनलाही मोह आवरला नाही. ड्यूईची दशांश पद्धती १८७६ पासून चालू होती, कटरचीही पद्धती होती; याने दोहोंची सांगड घालून तिसरीच केली. ती बडोद्याबाहेर फारशी रुजली नाही. चौकशी करून आलेल्या माणसालाही बांधण्याची खाज असतेच, एवढाच दिलासा आम्ही त्यातून घेतला.

भाचीने एजंटांना कामाला लावण्यापूर्वी आम्हांला कागद-पेन्सिल दिली. “तुम्हांला काय काय हवंय ते लिहा.” आम्ही तेवीस कलमे लिहिली. तिने एकेका कलमापुढे “हे नसलं तर कोणाचं अडेल?” असे विचारायला सुरुवात केली आणि तासाभरात तीन उरली. ग्रंथ कोणाकडे आहे ते कळावे. ग्रंथ कोणी दिला त्याची नोंद राहावी. आणि आपल्या नातवंडांना शोध घेता यावा. हे तिसरे कलम बाहेरच्यांना समजणार नाही. आपली पुष्कळ मुले गुजराती शाळांत शिकली. मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की हात गुजराती अक्षरांकडे वळतो.

एजंट चाळीस मिनिटांत परतले. अहवाल नीटनेटका होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘सोल’ विद्यापीठे-महाविद्यालयांसाठी. आणि कोहा कोणालाही. प्रत्येकीचा परवाना, शेवटची सुधारणा केव्हा झाली, मराठीची सोय कितपत, असे सारे मांडले होते. शिवाय खास मराठी ग्रंथालयांसाठी म्हणून आणखी एका प्रणालीची शिफारस होती. ती आमच्या मनात सर्वांत भरली. भाचीने दिलेला पत्ता उघडून पाहिला तर तिथे काहीच नव्हते. आणखी शोधले, त्या नावाची प्रणालीच अस्तित्वात नव्हती. एजंटाने आमची गरज ओळखून ती पुरी करणारी वस्तू कल्पनेतून काढून दिली होती. बाजारातला दलालही नसलेला माल दाखवतो, पण निदान नमुन्याचा तुकडा तरी हातात ठेवतो. त्या दिवसापासून अहवालातली प्रत्येक ओळ स्वतः उघडून पाहायची, असा भाचीने दंडक घातला. सबंध शनिवार त्यात गेला.

त्या शनिवारीच आम्हांला शेऱ्याचा रकाना भेटला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९६०च्या दशकात नोंदींसाठी ‘मार्क’ नावाचा साचा तयार केला. जगभरची ग्रंथालये तो वापरतात, कोहाही वापरते. त्यात ५४१ क्रमांकाचा रकाना आहे. ग्रंथ कोणाकडून आणि कसा आला, हे लिहिण्यासाठी. आमच्या जुन्या ग्रंथपालांना जे सहज सुचले होते, त्याला परदेशात क्रमांक होता. आणि आम्ही मात्र ते गाळले होते.

कोहा घ्यायचे ठरले. मंडळाच्या अकरा कपाटांपुढे ती प्रणाली म्हणजे हत्तीच आहे, हे कबूल. पण तिच्यातल्या नोंदी उद्या दुसरीकडे नेता येतात. आमच्या जुन्या नोंदी कुठेच नेता येत नव्हत्या, कारण त्या एका विशिष्ट फॉन्टात होत्या. अशा फॉन्टात संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक ठेवतो, डोळ्यांना फक्त मराठी दिसते; फॉन्ट गेला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. त्या नोंदी युनिकोडमध्ये आणणारी तयार साधनेही एजंटांनी शोधून आणली. चारांपैकी एक चांगले निघाले, पण त्याने ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ केले, ‘तऱ्हा’चे ‘तर्हा’ केले. ‘ऱ’ ही मराठीची खास खूण. साधन करणाऱ्यापुढे बहुधा हिंदी असावी. ‘देवनागरीसाठी योग्य’ असा एजंटांचा शेरा होता, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. ‘ॲ’चीही तीच कथा, युनिकोडमध्ये हे अक्षर आले २००८ साली, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र चढवलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला दोन निराळी अक्षरे.

नातवंडांच्या अडचणीवर मात्र एजंटाने जे आणले ते पाहून आम्ही खुर्चीतून उठलो. युनिकोडमध्ये देवनागरी व गुजराती अक्षरे एकाच क्रमाने मांडलेली आहेत, कारण दोहोंचा आधार भारतीय मानक संकेत. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले की तेच अक्षर गुजरातीत मिळते. ‘क’ २३२५, गुजराती ‘क’ २७०९. ज्यासाठी आम्ही खर्चाचा अंदाज मागवला होता, ती एक बेरीज होती. अपवाद थोडे, आणि त्यांत पुन्हा तोच: ‘ऱ’ला गुजरातीत जोडीदार नाही, त्याची जागा रिकामी आहे.

म्हणजे शेवटी नवे लिहावे लागले ते एवढेच: ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांची दुरुस्ती, आणि ती बेरीज. भाचीने सांगितले, चाळीस ओळी.

५४१ क्रमांकाचा रकाना भरायला मात्र कोणतेही यंत्र नाही. दर रविवारी आम्ही तिघेचौघे एकेक कपाट उघडून ग्रंथांची पहिली पाने पाहतो. कुठे देणाऱ्याची सही आहे, कुठे नुसती तारीख, कुठे बांधणावळ करताना तो कागदच गेलेला. आजवर ६४० ग्रंथांवर नावे सापडली. आपल्या घरातून ग्रंथ गेल्याचे ज्यांना आठवत असेल त्यांनी जरूर यावे, सकाळी दहापासून आम्ही तिथेच असतो. एका ग्रंथाच्या पुठ्ठ्याआड मोडीत दोन ओळी आहेत. आमच्यातल्या कोणाला मोडी येत नाही. छायाचित्र काढून एजंटाला विचारले. दोनदा विचारले, दोनदा निरनिराळी नावे सांगितली, आणि दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने. त्या ग्रंथापुढचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.