सलामीला कोणाला पाठवावे?

वाचकहो, या पाक्षिकात आपण पथ्यपाणी, गुडघ्यांचे व्यायाम, औषधांच्या वेळा यांविषयी नेहमी वाचता. आज मी मोबाइलवरच्या एका खेळाविषयी लिहिणार आहे, आणि तोही मुलांचा म्हणून ओळखला जाणारा. कपाळाला आठी घालण्यापूर्वी थोडा वेळ माझ्यासोबत चला. या खेळात डाव सुरू होण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांपुढे तोच प्रश्न रोज सकाळी उभा असतो : आज पहिल्यांदा पुढे कोणी जायचे?

मी साताऱ्यात राहते. वय ७१. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. लेक सांगलीला असते आणि तिचा मुलगा नववीत शिकतो. सातारा ते सांगली ही काही फार मोठी वाट नव्हे. कृष्णामाई आमच्या माहुलीवरून कऱ्हाडमार्गे थेट त्यांच्या घाटापर्यंत पोहोचते, पण मला मात्र आता घर सोडून निघता येत नाही. फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास झाला का’ यापुढे आमचे बोलणे सरकेना, तेव्हा नातवानेच तोडगा काढला. “आजी, तू माझ्याशी पोकेमॉन खेळ,” तो म्हणाला. तेव्हापासून रात्री यजमान झोपले की आम्ही दोन-तीन डाव खेळतो. तो सांगलीत, मी साताऱ्यात.

खेळ आहे तरी काय?

पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि त्यातूनच या खेळाची कल्पना पुढे आली. आपल्यापैकी ज्यांनी काड्यापेटीत सोनकिडे ठेवले, दोघांची तुलना करत दुपारी घालवल्या, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. मोबाइलवरचा ‘पोकेमॉन गो’ हा खेळ २०१६ साली निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात तो भारतात अधिकृतपणे आला, आणि २०२३ पासून तो हिंदीतही खेळता येतो. फिरता फिरता काल्पनिक प्राणी जमवायचे, त्यांना वाढवायचे आणि मग दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. घरात बसून केवळ झुंजीचे डावही खेळता येतात. आम्ही दोघे तेच करतो.

झुंजीचे नियम थोडक्यात सांगते. प्रत्येक बाजूला तीन गडी असतात. मैदानात एका वेळी एकच उतरतो, उरलेले दोघे मागे थांबतात. समोरच्याने कोणते तिघे आणले आहेत हे आपल्याला आधी कळत नाही. आम्ही खेळतो त्या ‘ग्रेट लीग’ नावाच्या गटात प्रत्येक गड्याच्या ताकदीला १५०० अंकांची मर्यादा आहे, त्यामुळे कोणालाही महाकाय प्राणी आणून दुसऱ्याला चिरडता येत नाही. प्रत्येक गड्याचा आपला एक गुणधर्म असतो, काहींचे दोन असतात. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, गवत पाण्याला शोषून घेते, अशी ही साखळी आहे. मोठा घाव अडवण्यासाठी संपूर्ण डावात फक्त दोन ढाली मिळतात. मैदानातला गडी मागे घेऊन दुसरा उतरवता येतो, मात्र एकदा बदल केला की काही काळ पुन्हा बदलता येत नाही. डाव चार-पाच मिनिटांत आटोपतो.

पहिला गडी

सलामीला आपला सर्वांत बलवान गडी पाठवावा, असे कोणालाही वाटेल. नातवाने मला दुसरेच सांगितले : “आजी, पहिला गडी सगळ्यात ताकदवान नको. सगळ्यात कमी वेळा अडकणारा हवा.” त्याचे कारण सरळ आहे. पहिली निवड अंधारात करावी लागते. समोर काय येणार हे ठाऊक नसताना, बहुतेक प्रसंगी टिकून राहील आणि जिथे टिकणार नाही तिथून वेळेवर मागे घेता येईल, असा गडीच पुढे पाठवणे शहाणपणाचे.

हा हिशेब आपल्या मातीतल्या खेळांनाही अनोळखी नाही. सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना भारतीय संघाची सलामीची फलंदाज म्हणून आज घराघरांत ठाऊक आहे. खेळपट्टी कशी वागेल, चेंडू किती वळेल, हे पुढच्या फलंदाजांना तंबूतून पाहता येते. सलामीवीराला मात्र ते खेळता खेळताच समजून घ्यावे लागते. खो-खोत संरक्षण करणारे तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. पहिल्या तुकडीत कोण आणि मागे कोण राखून ठेवायचे, यावर शाळेच्या मैदानावर किती खल चालत असे, हे शिक्षिका असताना मी अनेक वर्षे पाहिले आहे. बुद्धिबळाची गोष्ट वेगळी. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीला ती नव्याने सांगायला नको. तिथे दोन्ही सैन्ये पटावर उघडी असतात. पोकेमॉनच्या आमच्या डावात निम्मे सैन्य पडद्याआड असते, आणि म्हणूनच पहिल्या चालीला इतके महत्त्व येते.

माझे तीन गडी सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पहिला अझुमॅरिल. गोल, निळा, सशासारख्या लांब कानांचा, दिसायला अगदी निरुपद्रवी. तो आग, बर्फ, पाणी, कुस्तीचे डाव, ड्रॅगनचे घाव असे बरेच काही सहन करतो. गवत, वीज आणि विष यांपुढे मात्र तो दबतो. दुसरा स्कार्मरी, पोलादी पंखांचा पक्षी. गवताचा आणि विषाचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही, पण आग आणि वीज त्याला जड जाते. तिसरा स्वॅम्पर्ट, चिखलात राहणारा दांडगा गडी. आग आणि वीज दोन्ही तो सोसतो. त्याचे वैरी एकच, ते म्हणजे गवत, पण ते दुपटीने घातक.

आता यांतला कोणता पुढे पाठवावा? स्वॅम्पर्ट तिघांत जबर मारा करणारा. परंतु समोर पहिलाच गडी गवताचा निघाला, तर काही क्षणांत तो कोसळेल. म्हणून अझुमॅरिल पुढे. समोर पाठीवर फूल मिरवणारा व्हेनसॉर आला, तर अझुमॅरिलला तसाच झुंजवत ठेवण्यात अर्थ नाही. त्याला मागे घ्यावे आणि स्कार्मरीला उतरवावे. मग समोरचा स्कार्मरीसाठी आग किंवा वीज काढतो. तोवर त्याचे पत्ते उघडे झालेले असतात, आणि स्वॅम्पर्टला कोणासमोर उभे करायचे हे आपल्याला कळलेले असते. बलवान गडी शेवटपर्यंत राखायचा तो यासाठी. शिवाय दोन्ही ढाली पहिल्या गड्यावरच खर्च करायच्या नाहीत, नाहीतर शेवटी सर्वांत महत्त्वाचा गडी उघडा पडतो.

आमच्या घरची सकाळ

वाचकहो, आता शुश्रूषेकडे वळते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सकाळ कशी उजाडेल, हे आदल्या रात्री सांगता येत नाही. कधी ते हसून ‘चहा झाला का’ म्हणतात. कधी आपल्याच घरात परक्यासारखे बसून राहतात, आणि अंघोळीचे नाव काढताच हात झटकतात. त्या क्षणी दारातून आत कोण येते, यावर पुढचे दोन तास अवलंबून असतात.

आमच्या घरीही शिलेदार तीनच : सकाळी येणाऱ्या मदतनीस ताई, मी, आणि नऊ वाजता कामावर जाणारा मुलगा. सर्वांत जवळचे माणूस म्हणून पहिला मान पत्नीचा, असा आपल्याकडचा रिवाज. परंतु ४६ वर्षांच्या संसारात नवराबायकोच्या प्रत्येक शब्दाला जुन्या बोलण्याचे अस्तर लागलेले असते. मी “चला, अंघोळ करा” म्हटले की त्यांना त्यात हुकूम ऐकू येतो. ताईंशी त्यांचे जुने काहीच नाही. “काका, चहा आणलाय,” एवढेच म्हणून त्या खोलीत शिरतात. “तुम्ही कोण?” असा प्रश्न रोज आला तरी त्यांना त्याचा घाव बसत नाही. मला बसतो. म्हणून आमच्या घरी सलामी ताईंची. त्या सर्वांत जवळच्या आहेत म्हणून नव्हे, तर सर्वांत कमी अडतात म्हणून.

नकार आला तर ताई वाद घालत नाहीत. खोलीबाहेर येतात. दहा-पंधरा मिनिटांनी मी जाते, हळू आवाजात रेडिओ लावते, त्यांचा आवडता सदरा हाती देते, आणि अंघोळीचा विषय मधून येऊ देते. ‘मला कचेरीत जायचे आहे’ म्हणून ते दाराकडे निघाले, तर मुलगा त्यांच्याबरोबर चपला घालून कोपऱ्यापर्यंत फेरी मारून येतो. माघार घेणे म्हणजे हार नव्हे, ही गोष्ट शुश्रूषा करणाऱ्याने मनाशी पक्की बांधावी. या आजारात वाद घालून काही पटवता येत नाही. थोड्या वेळाने, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या शब्दांत विचारलेले मात्र पुष्कळदा चालून जाते.

मला सकाळी राखून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. या आजारात दिवस मावळताना अनेकांचा गोंधळ आणि अस्वस्थता वाढते. आमच्याकडेही दिवेलागणीला खरी कसोटी लागते. ताई तेव्हा गेलेल्या असतात, मुलगा आलेला नसतो, आणि यजमान ‘घरी चला’ म्हणून हट्ट धरतात. त्या वेळी त्यांना माझाच हात लागतो. सकाळीच माझी सगळी शक्ती संपली, तर संध्याकाळी त्या हातात मऊपणा कुठून यावा?

दोन ढालींचेही तसेच. दिवसात मला दोन विसावे मिळतात : दुपारची तासाभराची झोप, आणि रात्रीचा नातवाबरोबरचा अर्धा तास. कपड्यांच्या घड्या, बँकेची कामे, पाहुण्यांचे फोन यांसाठी मी ते मोडत नाही. आपलेही असे काही विसावे असतील. ते किरकोळ कामांवर उधळू नयेत.

उपमेची मर्यादा

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. डावात समोर प्रतिस्पर्धी असतो. घरात समोर आपले माणूस असते, आणि प्रतिस्पर्धी असतो तो आजार. तो आपल्या माणसाच्या आडून बोलतो, एवढेच. त्यामुळे ‘आज मी जिंकले’ असा हिशेब इथे नाही. अंघोळ राहिली आणि दोघे शांतपणे जेवले, तरी तो दिवस चांगलाच म्हणायचा. आणि एरवी सौम्य असणारा रुग्ण एक-दोन दिवसांत अचानक फारच गोंधळला, चिडला किंवा सुस्तावला, तर तो माणसे बदलून सोडवण्याचा प्रश्न नव्हे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणे, औषधाचा परिणाम, अशी कारणे त्यामागे असू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हा खेळ खेळल्याने स्मरणशक्ती टिकते, असा दावा मी करत नाही. मला त्यातून नातू मिळाला आणि विचार करण्याची एक रीत मिळाली, एवढे पुरेसे आहे. कोणाला खेळून पाहायचे असेल तर बसूनच खेळावे, चालताना पडद्याकडे पाहू नये. अक्षरे डोळ्यांना ताण देत असतील किंवा सतत बोट आपटून अंगठा दुखू लागला, तर थांबावे. खेळात वस्तू विकतही मिळतात, म्हणून बँकेचे कार्ड किंवा पैसे भरण्याची सोय त्याला जोडू नये. नातवंडांशी आधीच वेळ ठरवून घ्यावी. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत खेळ बंद असतो, आणि ते दोघांनीही पाळायचे असते.

आपल्या घरी रुग्ण असेल, तर आज रात्री एक कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरे घरच्यांबरोबर बसून लिहा. सकाळी रुग्णाशी सर्वांत कमी खटका कोणाचा उडतो? दिवसातला सर्वांत अवघड प्रहर कोणता, आणि त्यासाठी कोणाला ताजे राखायचे? पहिल्या माणसाला नकार मिळाला, तर किती वेळाने आणि कोणी जायचे? घरात दोघेच असाल, तर शेजारी, भाऊबंद, आठवड्यातून एकदा येणारी लेक, यांपैकी कोणाचे नाव त्यात बसते ते पाहा. तासाभरासाठी आलेले माणूसही गडीच असते. महिन्याभराने तो कागद पुन्हा काढा, कारण आजार बदलतो तशी माणसांची जागाही बदलावी लागते. आणि पहिल्या ओळीत तुमचे नाव आले नाही, तर त्यात प्रेम कमी पडले असे मुळीच समजू नका. तुम्हाला दिवसाच्या शेवटासाठी राखून ठेवले आहे.