नुसता विचारत फिरणारा

माझ्या मित्राचा भाऊ पुण्यात एका संगणक कंपनीत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ आहे. दिवाळीत तो घरी आला, तेव्हा अप्पांनी त्याला विचारले, “म्हणजे करतोस काय?” तो म्हणाला, “मी काही बनवत नाही, विकतही नाही. लोकांचे कुठे अडते ते विचारतो आणि कोणते काम आधी घ्यायचे ते ठरवतो.” “आणि याचा पगार मिळतो?” अप्पांना हे पटेना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. असल्या प्रश्नांची मला सवय आहे.

पुढे वाचनात आले की हे काम तसे जुनेच. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण ‘कॅमे’ साबणाच्या जाहिराती पाहत असे. कंपनीचाच ‘आयव्हरी’ पुढे, कॅमे मागे. त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिले : एकेका मालाची काळजी एकेका माणसाने वाहावी, खप जिथे कमी, तिथे जाऊन कारण शोधावे, उपाय आखावा. (हेच गृहस्थ १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले!)

वाचता वाचता मला आमची शेंगदाण्याची चटणी आठवली. आई कुटते, अप्पा सायकलवरून दुकानांत पोचवतात. माझी फी त्यातूनच जाते. पावसाळ्यात पाकिटे परत येऊ लागली होती. आई म्हणे, दुकानदार माल पुढे मांडत नाही. अप्पा म्हणत, लसूण कमी पडतो. गिऱ्हाइकाला मात्र कोणीच विचारले नव्हते. मी वही घेऊन चार गल्ल्या हिंडलो. एका दारात वर्गातलीच मुलगी उभी. मेल्याहून मेल्यासारखे झाले. चव सगळ्यांना आवडत होती. पण अर्ध्या किलोचे पाकीट संपेपर्यंत चटणी खवट होई, म्हणून दुसऱ्यांदा कोणी घेत नसे.

आता आईला सांगायचे कसे? घट्टे तिच्या हाताला आणि शहाणपण माझे! मी नुसती वही वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वीस पाकिटं शंभर ग्रॅमची भर.”

आठवड्यात वीसही खपली. पण पिशव्यांचा खर्च वाढला, हाती पूर्वीइतकेही उरेना.

“मग हेही विचारून ये,” आई म्हणाली, “दोन रुपये जास्त देतील का?”

वही घेऊन मी पुन्हा निघालो. त्या मुलीचे दार मात्र शेवटी ठेवले आहे.